खिडकीतला जवळा

भिंगातून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, हा तर जवळा."

माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा चेहरा पडला. जवळा, म्हणजे ती सुकवलेली बारीक कोळंबी, आमच्या घरी कांदा-मिरचीत परतून भाकरीबरोबर खातात, आणि तिनेही ती खाल्ली होती. ती आजीकडे बघत म्हणाली, "तू यांना खाणार?"

"आता कशी खाईन? ओळख झाली ना," आई म्हणाली.

तेव्हापासून आमच्याकडे शनिवारी जवळा बंद झाला. हळूहळू बाकीच्या वारीही झाला. आईने त्याचं काही अवडंबर केलं नाही, डबा रिकामा झाला तसा तिने तो पुन्हा भरला नाही, एवढंच.

शनिवारी म्हणायचं कारण असं, की मुलगी माझ्याकडे शनिवारीच असायची. मी आणि तिची आई वेगळे झालो त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्या दोघी मुलुंडला, मी आणि माझी आई भांडुपला. दर शनिवारी दुपारी मी रिक्षाने तिला घेऊन यायचं आणि संध्याकाळी सातच्या आत पोचवायचं, असं ठरलं होतं. मुक्काम नाही. मुक्काम का नाही, हे कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मला पाठ होतं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. मुलगी बालवाडीत असताना एकदा तिला शाळेतून आणायला गेलो आणि गेटवरच फोन आला, एका टॉवरमध्ये एक आजोबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेत. दहा मिनिटांत येतो असं वॉचमनला सांगून मी गेलो. दीड तासाने आलो. मुलगी वॉचमनच्या स्टुलावर बसून त्याचे चणे खात होती. तिला काही झालं नव्हतं, पण तिच्या आईने त्या दिवशी मला जे ऐकवलं ते मी विसरलो नाही. "तुला अडकलेली माणसं फक्त लिफ्टमधलीच दिसतात," ती म्हणाली होती. असे प्रसंग आणखीही होते. सगळे सांगत बसत नाही, कारण बहुतेकांत चूक माझीच आहे.

तर भिंगातून दिसलेले ते जीव म्हणजे एक खेळ होता, मुलीला तिच्या मामाने वाढदिवसाला दिलेला. खोक्यावर मुकुट घातलेले, हसणारे जलचर काढलेले. आत एक तळहाताएवढी प्लॅस्टिकची टाकी, तिच्या भिंतीत बसवलेली दोन भिंगं, तीन पुड्या आणि एक इवलासा चमचा. पहिली पुडी मिठाची, दुसरी अंड्यांची, तिसरी खाण्याची. मुलुंडच्या घरात "ते घाण पाणी नको" असा निकाल लागल्यावर खोकं माझ्याकडे आलं. मुलगी रिक्षात ते मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, तू रोज बघशील ना? आईला वाटतं तू विसरणार."

मी म्हटलं, "बघशील तू."

बढाई मारायची माझी जुनी खोड आहे.

पाणी उकळून गार केलं, पहिली पुडी घातली, एक दिवस थांबलो, मग दुसरी. अंडी म्हणजे तपकिरी धूळ. मी आईला म्हटलं, मामाने फसवलं, ही तर तपकीर आहे. रोज संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, "दिसतंय का?" आणि मी टाकीसमोर फोन धरून म्हणायचो, "अजून नाही." तिसऱ्या दिवशी कामावरून आलो, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना वापरतो तो टॉर्च हातात होता, सहज टाकीवर मारला. आणि उजेडाच्या दिशेने ठिपके सरकायला लागले. झटके देत देत, पण नक्की उजेडाकडेच. मी चाळिशीतला माणूस, अंगाला ग्रीसचा वास, खाली बसून टाकीला नाक लावलं आणि पाऊण तास उठलो नाही. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

पुढचे सात-आठ आठवडे आमचं घर त्या टाकीभोवती फिरायला लागलं. ठिपक्यांचे पाय दिसू लागले, मग काळे डोळे. ते पाठीवर पोहतात, पोटाकडची बाजू वर करून, आणि पायांची ती झालर सतत हलत असते. अकरा जोड्या. मी मोजल्या, मुलीने मोजल्या, आईने मोजायचा प्रयत्न केला आणि "लई हलतात" म्हणून सोडून दिला. सुरुवातीला चाळीसेक होते. कमी होत होत एकोणीस राहिले, आणि ते एकोणीस टिकले. मुलीने वहीत दर शनिवारची संख्या लिहायला घेतली होती. सलग तीन शनिवार एकोणीस आल्यावर तिने वही मुलुंडला नेऊन आईला दाखवली. हे तिनेच मला सांगितलं. "मी म्हटलं तिला, बघ, बाबा सांभाळतो."

त्या वहीच्या जोरावर मी एक विचारणा केली. दिवाळी आम्ही करत नाही, आम्ही बौद्ध, पण शाळेला सुट्टी असतेच. मी तिच्या आईला मेसेज केला, सुट्टीत आठ दिवस मुलीला माझ्याकडे राहू दे. दोन दिवसांनी उत्तर आलं, "बघू." तिचं 'बघू' म्हणजे नकार नव्हे, हे बारा वर्षांच्या संसारात शिकलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक. आठ दिवस मुलगी सकाळी माझ्या घरात उठणार, ह्या कल्पनेने मी कामावर शीळ घालायला लागलो होतो.

खरं सांगायचं तर सांभाळायची ती आई. मी दिवसभर बाहेर. सकाळी उठून ती बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, हात जोडून पंचशील म्हणायची, आणि मग त्या इवल्या चमच्याने टाकीतलं पाणी हलवायची, त्यांना हवा मिळावी म्हणून. विहारातल्या बायकांनाही तिने सांगितलं होतं. एक-दोघी येऊन बघून गेल्या.

इथे आईच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या इमारतीत पाणी सकाळी पाच ते सहा येतं. आई पाचला उठते, आणि घरातलं कालचं सगळं पिण्याचं पाणी मोरीत ओतते. हंडा, कळशी, पातेली, सगळं रिकामं करून घासते आणि नव्याने भरते. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही. विक्रोळीच्या चाळीत वडिलांची कारखान्यातली पाळी असायची तेव्हा हे काम मी आणि माझी बहीण करायचो, डोळे न उघडताच. एकदा कॉलेजात असताना मी वैतागून म्हटलं होतं, अगं, चोवीस तासांत पाणी काय नासतं? तेव्हा ती म्हणाली, "लहानपणी जालन्याकडं आम्ही विहिरीपाशी ओंजळ धरून उभं राहायचो. वरून कुणी ओतलं तर पाणी. कधी कधी दुपार व्हायची. इथं माझा नळ आहे. मी शिळं का पिऊ?" त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही. तिच्या सबंध आयुष्यात तिला कशाचा माज असेल तर तो त्या रोजच्या ताज्या पाण्याचा.

दसऱ्याला ती दरवर्षी विहारातल्या बायकांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. त्या वर्षी मंगळवारी निघाली, शुक्रवारी परत येणार होती. निघताना तिने मला टाकीपाशी उभं करून सूचना दिल्या. दोन वेळा हलव. ऊन आलं की पडदा ओढ. पाणी आटलं तर साधं घाल, मीठ नको. मी लिफ्टच्या मोटरी उघडून बसवणारा माणूस, तिचं ऐकून घेत होतो.

बुधवारी सकाळी टाकीच्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं. खिडकीचा कट्टा ओला. मी सगळं पाणी, त्या एकोणीस जणांसकट, अलगद एका स्टीलच्या पातेल्यात ओतलं, वर ताटली ठेवली आणि पातेलं ओट्यावर ठेवून दिलं. संध्याकाळी येताना काचेची बरणी आणायची असं ठरवलं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी लिफ्टवाल्याची काय अवस्था असते ते मलाच माहीत. सगळ्या सोसायट्या लिफ्टची पूजा करतात, दारावर झेंडूच्या माळा बांधतात, त्या माळा सेन्सरसमोर लोंबतात आणि दार मिटतच नाही. मग फोन. दिवसभर मी लोकांच्या माळा वर सरकवत फिरलो. बरणी राहून गेली.

गुरुवारी पाचला नळाचा आवाज आला. आई नव्हती म्हणून पाणी भरायचं काम माझं. मी उठलो, मोरीत गेलो, आणि हाताला जे लहानपणापासून माहीत होतं ते हाताने केलं. हंडा ओतला. कळशी ओतली. ओट्यावरची पातेली एकामागून एक ओतली. शेवटच्यावरची ताटली बाजूला ठेवली, हे मला आजही स्पष्ट आठवतं, ती हातातून निसटू नये म्हणून मी काळजी घेतली होती. मग नळ पूर्ण सोडला आणि घासायला बसलो.

दुसरं पातेलं घासताना माझं लक्ष खिडकीतल्या रिकाम्या टाकीकडे गेलं.

मी नळ बंद केला. मोरीच्या जाळीवर पाणी गोल फिरून खाली गेलेलं. टॉर्च आणला. जाळीच्या कडेला एक जण होता, आडवा, पाय हलत होते. त्याला त्या इवल्या चमच्याने उचललं, वाटीत पाणी घेतलं, स्वयंपाकाचं मीठ अंदाजाने घातलं. तो थोडा पोहला. मी त्या दिवशी फोन बंद ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि वाटीसमोर बसलो. दुपारपर्यंत तो होता.

शुक्रवारी सकाळी आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने खिडकीकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "उद्या पोरीला खरं सांग. लेकरं माफ करतात. मोठ्यांचं सांगता येत नाही."

"सांगतो," मी म्हटलं. आणि माझ्या मनात तेच होतं.

शनिवारी रिक्षात मुलगी माझ्या दंडाला टेकून बसली होती. सोनापूरच्या सिग्नलला ती म्हणाली, "आई जवळजवळ हो म्हणालीय. मी माझा नाइट ड्रेस पण काढून ठेवला." मी बाहेर बघत राहिलो. सांगायला वीस मिनिटं होती आणि रस्त्यावर ट्रॅफिकही होता. माझ्याच्याने झालं नाही.

घरात शिरताच ती खिडकीकडे धावली. "बाबा, कुठे गेले?"

आई ओट्यापाशी भात लावत होती. माझ्या तोंडून निघालं, "आजीकडून चुकून ओतलं गेलं. काल प्रवासातून दमून आली होती. शिळं पाणी वाटलं तिला."

मी हे ठरवून बोललो नव्हतो. पण शब्द किती बेमालूम जुळले बघा, प्रवास, दमणूक, शिळं पाणी. तिचा जो एकच माज, तो मी उचलला आणि तिच्याच अंगावर टाकला. आईने गॅस बारीक केला. माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग ती वळली आणि नातीला म्हणाली, "हो बाळा. माझ्याच हातून झालं."

मुलगी ओरडली नाही की रडली नाही. रिकामी टाकी मांडीवर घेऊन भिंगातून बघत बसली. आजीने वाढलेला भात तिने खाल्ला नाही. आजी जवळ आली तेव्हा ती सरकून बसली. पाच वाजता म्हणाली, मला घरी सोड.

तिला पोचवून परत आलो तेव्हा आई मूर्तीपुढे बसली होती. मी म्हटलं, "आई, मी..."

"राहू दे," ती म्हणाली. "पोरीला वाटतं मी पहिलं शील मोडलं, जीव घेतला. मोडलं मी चौथं. खोटं बोलले. ते तुझं तुला कळतंय का बघ." आणि उठून पानं घेतली.

सोमवारी मेसेज आला. आठ दिवसांना तिच्या आईचा होकार होता. खाली आणखी एक ओळ: "पण तुझी आई घरात असेल तर ती यायला तयार नाही. तूच काय ते बघ."

तेव्हा तरी मी खरं लिहायला हवं होतं. मी अर्धा मेसेज लिहिला आणि पुसला, पुन्हा लिहिला आणि पुसला. शेवटी फोन तसाच आईपुढे धरला. तिला वाचायला वेळ लागतो. वाचून झाल्यावर म्हणाली, "मग मी जाते ना आठ दिवस विक्रोळीला, बहिणीकडे तुझ्या. त्यात काय." जाताना तिने हंडा-कळशी घासून पालथी घातली आणि मुलीला आवडतात म्हणून रव्याचे लाडू करून ठेवले. लाडू तूच केलेत असं सांग, म्हणाली.

मुलगी आली. ज्या आठ दिवसांसाठी मी हे केलं ते मला मिळाले, आणि ते चांगले गेले, हेही सांगितलं पाहिजे. आम्ही पत्ते खेळलो, मी तिला एका लिफ्टची मोटर दाखवायला नेलं, ती सकाळी माझ्या पोटावर पाय टाकून झोपलेली असायची. लाडू तिने पाच खाल्ले. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "आपण परत अंडी आणूया का? आता आजी नाही तोवर मोठे होतील."

मी म्हटलं, "आजीने मुद्दाम नव्हतं केलं गं."

"माहितेय. पण तुझ्या हातून झालं असतं ना, तर आईने मला पाठवलंच नसतं. तिने मला किती वेळा विचारलं, नक्की आजीच ना? मी म्हटलं, बाबा खोटं नाही बोलत." आणि पत्ते पिसायला लागली.

माझा डाव होता. मी पान टाकलं. कुठलं ते आठवत नाही.

आई रोज संध्याकाळी फोन करायची. पोरगी जेवली का, पंखा फार जोरात ठेवू नको, एवढंच. मुलगी फोन घ्यायची नाही. मग मी तिची समजूत काढायला लागलो. माणसाकडून चुका होतात, आजीचं वय झालंय, माफ करावं, मोठं मन ठेवावं. मी, मी तिला हे शिकवत होतो. माझ्याइतका निर्लज्ज बाप अख्ख्या भांडुपमध्ये नसेल. पण मला वाटत होतं, तिने आजीला माफ केलं की मी सुटेन.

आणि शेवटच्या संध्याकाळी तिने ऐकलं. आईचा फोन वाजला तसा तिने तो माझ्या हातातून घेतला, स्पीकर लावला आणि गंभीरपणे म्हणाली, "आजी, मी तुला माफ केलं. पण परत कधी असं करू नकोस हां."

मग आई म्हणाली, "नाही करणार बाळा. चुकलं माझं."

"बाबा, आजी रडतेय वाटतं," असं म्हणून मुलीने फोन मला दिला आणि बॅग भरायला आत गेली. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. आई नाक पुसत होती. ती आता मला बोलेल, असं मला वाटलं. तिने मला मनसोक्त शिव्या द्याव्यात, मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्याव्यात, म्हणजे मला सांगावं लागणार नाही, अशी मी वाट बघत उभा होतो.

ती म्हणाली, "मग आता येऊ का रे मी घरी?"